करारनाम्याचे अठरावे कलम : जॉन माँटगोमेरी वॉर्ड आणि बेसबॉल-खेळाडूंचा लढा

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात अमेरिकेतला बेसबॉल हा फावल्या वेळचा खेळ उरला नाही. तो पगारी व्यवसाय झाला आणि त्याबरोबर मालक व कामगार यांच्यातले रेल्वेत आणि गिरण्यांत धुमसणारे प्रश्न मैदानाच्या कुंपणाआतही येऊन पोहोचले. या स्थित्यंतराचा इतिहास ज्या एका माणसाच्या आयुष्यातून सर्वाधिक स्पष्ट दिसतो तो म्हणजे जॉन माँटगोमेरी वॉर्ड. क्रीडाकोशांत त्याची नोंद साधारणपणे दोन भागांत केली जाते : आधी नामांकित खेळाडू आणि नंतर यशस्वी वकील. ही विभागणी सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे, कारण वॉर्डने कायद्याचा अभ्यास खेळ संपल्यावर पोटापाण्यासाठी केला नव्हता. तो ऐन भरात खेळत असतानाच, दर हिवाळ्यात हंगाम संपल्यावर, विद्यापीठात जाऊन बसत होता, आणि तिथे जे शिकला ते त्याने सर्वप्रथम स्वतःच्याच नोकरीच्या करारनाम्याला लावून पाहिले.

वॉर्डचा जन्म ३ मार्च १८६० रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या बेलफाँट या गावी झाला. तो चौदा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघेही निवर्तले होते. गावाजवळच्या, पुढे पेन स्टेट विद्यापीठ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या महाविद्यालयात त्याने अगदी लहान वयात प्रवेश घेतला होता, परंतु ते शिक्षण अर्धवट राहिले आणि पोरक्या मुलाला हाताशी असलेल्या एकमेव कौशल्यावर, म्हणजे चेंडू फेकण्यावर, पोट भरण्याची वेळ आली. १८७८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहराच्या ‘ग्रेज’ या संघाने त्याला पिचर म्हणून घेतले. बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात, आणि संघाचे बरेवाईट बहुतांशी त्याच्या हातावर अवलंबून असते. हा संघ नॅशनल लीगमध्ये खेळत असे. शिकागोच्या विल्यम हल्बर्टच्या पुढाकाराने १८७६ साली स्थापन झालेली ही लीग म्हणजे निरनिराळ्या शहरांतल्या क्लबांच्या मालकांनी एकत्र येऊन केलेली संघटना होती, आणि तिचे नियम मालकच करीत.

१८७९ च्या हंगामात वॉर्डने पिचर म्हणून ४७ सामने जिंकून दिले आणि प्रॉव्हिडन्सने अजिंक्यपद मिळवले. पुढच्या वर्षी, १७ जून १८८० रोजी सकाळी भरलेल्या सामन्यात, त्याने बफेलोच्या संघाचे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज ओळीने बाद केले. एकालाही पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करण्यासाठी ओळीने गाठाव्या लागणाऱ्या चार ठाण्यांपैकी पहिल्यावर, पोहोचू दिले नाही. अशा सामन्याला पुढे ‘परफेक्ट गेम’ हे नाव रूढ झाले. नॅशनल लीगच्या इतिहासातला पहिला परफेक्ट गेम वूस्टरच्या ली रिचमंडने अवघ्या पाच दिवसांपूर्वी खेळला होता, हा विलक्षण योगायोग होय. या पराक्रमाची थोरवी समजण्यासाठी त्या वेळचे नियम ध्यानात घेणे आवश्यक आहे. पिचर फलंदाजापासून केवळ ४५ फुटांवर उभा राही, हे अंतर आज ६० फूट ६ इंच आहे. परंतु त्याला हात कमरेच्या वर नेऊन चेंडू फेकण्यास मनाई होती, आणि चेंडू वरच्या पट्ट्यात हवा की खालच्या, हे सांगण्याचा अधिकार फलंदाजाला होता. म्हणजे जवळून फेकण्याचा फायदा पिचरला असला तरी चेंडू कुठे पडावा हे प्रतिपक्षच ठरवीत असे, आणि अशा अवस्थेत वॉर्डने ते सत्तावीस गडी एकामागोमाग टिपले. १७ ऑगस्ट १८८२ रोजी तर डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यात त्याने नेहमीच्या नऊ डावांच्या दुप्पट, सलग अठरा डाव एकट्याने पिचिंग करून प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव करू दिली नाही. सामना प्रॉव्हिडन्सने १–० असा जिंकला.

एवढा भार कोणताही खांदा फार काळ सोसू शकत नाही. १८८३ मध्ये वॉर्ड न्यू यॉर्कच्या संघात गेला, जो थोड्याच काळात ‘जायंट्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि १८८४ मध्ये त्याचा उजवा हात जायबंदी झाला. तो बरा होईपर्यंत घरी बसण्याऐवजी त्याने डाव्या हाताने चेंडू फेकण्याचा सराव केला आणि उरलेला हंगाम तो मध्य मैदानात डाव्या हाताने क्षेत्ररक्षण करीत खेळला. पिचर म्हणून कारकीर्द संपल्यावर तो शॉर्टस्टॉप झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा चपळाईची आणि तल्लख बुद्धीची असते. १८८७ साली त्याच्या नावावर १११ चोरलेल्या बेस नोंदल्या गेल्या, म्हणजे चेंडू टोलवला गेलेला नसताना पळून पुढची बेस गाठण्याचे इतके प्रसंग. त्या दशकातली मोजणीची पद्धत आजच्यापेक्षा सैल असल्याने हा आकडा आजच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नाही. तथापि पिचर म्हणून शंभराहून अधिक विजय आणि फलंदाज म्हणून दोन हजारांहून अधिक यशस्वी टोले ही दोन्ही शिखरे गाठणारा दुसरा खेळाडू झालेला नाही, ही गोष्ट कोणत्याही मोजणीने बदलत नाही.

या खेळाडूच्या पायात जी बेडी होती तिचे नाव ‘रिझर्व्ह क्लॉज’, म्हणजे राखीव कलम. सप्टेंबर १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपसांत एक गुप्त समझोता केला : प्रत्येक क्लबाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि त्या खेळाडूंना दुसऱ्या कोणत्याही क्लबाने नोकरीवर घेऊ नये. मालकांनी याचे समर्थन खर्चाच्या आधारे केले; चांगल्या खेळाडूंसाठी चढाओढ लागून पगार वाढतात आणि क्लब बुडीत निघतात, असे त्यांचे म्हणणे होते, आणि सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ क्लब खरोखरच बंद पडले होते, हे नाकारता येत नाही. परंतु पाचाचे अकरा झाले, अकराचे चौदा झाले, आणि १८८७ पर्यंत संघातले जवळजवळ सर्वच खेळाडू या जाळ्यात आले. परिणाम असा, की खेळाडूचा करार कागदोपत्री एका हंगामाचा असला तरी हंगाम संपल्यावर तो मोकळा होत नसे. त्याच क्लबाकडे, तो क्लब देईल त्या पगारावर राहणे किंवा व्यवसायच सोडणे एवढेच पर्याय त्याच्यापुढे उरत. क्लबाला मात्र दहा दिवसांची सूचना देऊन त्याला केव्हाही काढून टाकता येई, किंवा रोख रक्कम घेऊन दुसऱ्या क्लबाला विकताही येई. १८८७ च्या आरंभी शिकागोने आपला लोकप्रिय खेळाडू माइक केली याला बॉस्टनला दहा हजार डॉलरला विकले, तेव्हा ती रक्कम देशभर चर्चेचा विषय झाली.

वॉर्डने १८८५ मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, आणि पुढच्या वर्षी राज्यशास्त्राचीही. त्याच १८८५ च्या ऑक्टोबरात मालकांनी खेळाडूंच्या वार्षिक पगारावर २,००० डॉलरची मर्यादा घातली आणि त्यानंतर काही दिवसांतच, २२ ऑक्टोबर रोजी, जायंट्सच्या नऊ खेळाडूंनी ‘ब्रदरहुड ऑफ प्रोफेशनल बेसबॉल प्लेअर्स’ ही संघटना स्थापन केली. वॉर्ड तिचा अध्यक्ष झाला आणि त्याचा सहकारी पिचर टिम कीफ चिटणीस. आजारी वा अडचणीत सापडलेल्या खेळाडूंना मदत करणे हा उद्देश प्रारंभी पुढे ठेवण्यात आला होता, परंतु ही संघटना अमेरिकन व्यावसायिक खेळाडूंची पहिली कामगार संघटना ठरली. तिची शाखा प्रत्येक क्लबात गुपचूप उघडण्यात आली आणि मालकांना तिचे अस्तित्व कळेपर्यंत ती चांगली रुजली होती.

ऑगस्ट १८८७ मध्ये ‘लिपिनकॉट्स’ या मासिकात वॉर्डचा लेख प्रसिद्ध झाला. बेसबॉलचा खेळाडू ही मालकाची जंगम मालमत्ता आहे काय, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारला होता. राखीव कलमाची तुलना त्याने यादवी युद्धापूर्वीच्या त्या कायद्याशी केली, ज्याच्या आधारे पळून गेलेल्या गुलामाला पकडून धन्याच्या स्वाधीन केले जाई. लेखाची मांडणी वकिली थाटाची, मुद्देसूद आणि धारदार आहे. मालकांना भांडवलाच्या संरक्षणासाठी काही काळ राखीव कलम हवे असेल हे तो मान्य करतो, पण या कलमातून माणसांची खरेदी-विक्री कशी निपजली याचा माग तो पायरीपायरीने घेतो. तथापि ही तुलना वाचताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्याच १८८७ च्या जुलै महिन्यात इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार न करण्याचा निर्णय घेतला, आणि १८८४ मध्ये टोलेडोच्या संघातून वरच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळलेला मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या वेळी त्याच लीगमध्ये होता. गुलामीचा दाखला देऊन लढणाऱ्या ब्रदरहुडच्या मागण्यांत ज्यांचे आईबाप, आजोबा-आजी खरोखर गुलाम होते अशा खेळाडूंना जागा नव्हती. वॉर्डच्या युक्तिवादाचे बळ यामुळे कमी होत नाही, मात्र त्याच्या न्यायबुद्धीची सीमा कुठे होती हे कळते.

१८८७ च्या नोव्हेंबरात लीगच्या मालकांनी ब्रदरहुडच्या प्रतिनिधींशी समोरासमोर बोलणी केली आणि तिला मान्यता दिली. या वाटाघाटींचे सर्वांत महत्त्वाचे फळ असे, की तोवर मालकांच्या आपसांतल्या समझोत्यात दडलेले राखीव कलम आता खेळाडूच्या करारनाम्यातच, अठराव्या कलमाच्या रूपाने, स्पष्ट शब्दांत लिहिले जाऊ लागले. वरकरणी हा खेळाडूंचा पराभव वाटतो, कारण त्यांनी बेडीवर स्वतःच्या सह्या केल्या. परंतु जे लिहिलेले नसते ते न्यायालयापुढे वाचून दाखवता येत नाही, आणि एकदा लिहिले गेल्यावर त्या शब्दांचा अर्थ लावण्याचा अधिकार मालकांच्या हातून निसटतो.

पुढच्या हिवाळ्यात वॉर्ड जगप्रवासाला निघाला. या दौऱ्याचा सूत्रधार ॲल्बर्ट स्पॉल्डिंग हाही मूळचा पिचरच. सत्तरच्या दशकात बॉस्टन आणि शिकागोकडून खेळून नाव कमावल्यावर त्याने १८७६ मध्ये भावाबरोबर खेळाच्या साहित्याचे दुकान काढले, आणि चेंडू, बॅटा, हातमोजे, नियमपुस्तिका यांचा देशव्यापी व्यापार उभारला. पुढे तो शिकागो क्लबाचा मालक झाला. एकाच खेळातून, एकाच जागेवरून आलेल्या या दोघांनी मैदानाबाहेर निवडलेल्या वाटा, एकाने व्यापाराची आणि दुसऱ्याने कायद्याची, लवकरच परस्परांना छेदणार होत्या. स्पॉल्डिंगने शिकागोचा संघ आणि निवडक खेळाडूंचा ‘ऑल-अमेरिका’ संघ असे दोन संघ बरोबर घेतले. दुसऱ्या संघाचा कर्णधार वॉर्ड होता. हवाई, ऑस्ट्रेलिया, कोलंबो, इजिप्त, इटली, फ्रान्स, इंग्लंड असा हा प्रवास झाला. भारतीय उपखंडाच्या इतक्या जवळ, सिंहलद्वीपात, अमेरिकेच्या व्यावसायिक खेळाडूंनी १८८९ च्या जानेवारीत बेसबॉलचा सामना खेळून दाखवला.

वॉर्ड असा साता समुद्रांपार असताना मायदेशी मालकांनी इंडियानापोलिसच्या जॉन ब्रश याची वर्गीकरणाची योजना मंजूर केली. तिच्यानुसार प्रत्येक खेळाडूला ‘ए’पासून ‘ई’पर्यंतच्या पाच श्रेणींपैकी एकीत बसवायचे आणि २,५०० डॉलरपासून १,५०० डॉलरपर्यंत उतरत्या क्रमाने पगार द्यायचा, श्रेणी ठरवताना खेळाबरोबरच मैदानावरचे आणि मैदानाबाहेरचे वर्तनही विचारात घ्यायचे. हा निर्णय ब्रदरहुडला न विचारता घेण्यात आला होता. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या क्लबाने वॉर्डला विकत घेण्यासाठी जायंट्सना मोठी रक्कम देऊ केली होती. ज्या व्यवहारावर त्याने लेख लिहिला तोच व्यवहार त्याच्या स्वतःच्या बाबतीत होऊ घातला होता, आणि त्याने जाण्यास नकार दिला. दौरा पुरा होण्याआधीच तो न्यू यॉर्कला परतला. १८८९ च्या उन्हाळ्यात त्याने मालकांशी तातडीने बोलणी करण्याची मागणी केली, तेव्हा हंगाम संपेपर्यंत थांबावे, असे उत्तर स्पॉल्डिंगने दिले. खेळाडूंपैकी अनेकांना संप करायचा होता. वॉर्डने त्यांना थोपवले आणि हंगाम पुरा खेळूनच पाऊल उचलण्याचा निर्णय घेतला, कारण चालू करार मोडला असता तर न्यायालयात त्यांची बाजू लंगडी पडली असती. आपापल्या शहरात भांडवल गुंतवणारे धनिक शोधावेत, अशी सूचना दरम्यान सर्व शाखांना गुप्तपणे देण्यात आली. क्लीव्हलँडचा ॲल्बर्ट जॉन्सन हा ट्रामगाड्यांचा मालक त्यांच्यातला सर्वांत उत्साही निघाला. ४ नोव्हेंबर १८८९ रोजी ब्रदरहुडने जाहीरनामा काढून नॅशनल लीगशी संबंध तोडले आणि स्वतःची ‘प्लेअर्स लीग’ घोषित केली.

जायंट्सच्या मालक कंपनीने वॉर्डविरुद्ध न्यायालयात मनाई हुकूम मागितला. करारातल्या अठराव्या कलमाने १८९० च्या हंगामासाठी वॉर्ड आमच्याकडे राखीव आहे, तेव्हा त्याला दुसरीकडे खेळण्यास बंदी करावी, असे तिचे म्हणणे होते. न्यू यॉर्कच्या न्यायालयात न्यायमूर्ती मॉर्गन ओब्रायन यांनी जानेवारी १८९० मध्ये ही मागणी फेटाळली, आणि त्यांचा युक्तिवाद पाहण्याजोगा आहे. पुढच्या वर्षाचा करार कोणत्या अटींवर होणार, पगार किती राहणार, हे या कलमात कुठेही ठरलेले नव्हते, आणि न ठरलेल्या कराराची अंमलबजावणी न्यायालय करू शकत नाही. उलट जुन्या कराराच्या सगळ्या अटी, खुद्द राखीव कलमासह, पुढच्या वर्षी लागू होतात असे मानले, तर तो करार वर्षावर्षाने आपोआप लांबत कधीच संपणार नाही. एका पक्षाला कायमचे बांधणारा आणि दुसऱ्याला दहा दिवसांत मोकळा करणारा असा करार न्याय्य म्हणता येणार नाही. यानंतर जायंट्सचा कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे उभा राहून पिचरचा चेंडू झेलणारा खेळाडू, बक युइंग याच्याविरुद्धच्या दाव्यातही संघराज्याच्या न्यायालयाने असाच कौल दिला.

प्लेअर्स लीगची घटना वाचताना ती कायदा शिकलेल्या माणसाच्या हातची असल्याचे पदोपदी जाणवते. आठ शहरांतले आठ क्लब. राखीव कलम नाही, वर्गीकरण नाही. खेळाडूंशी अनेक वर्षांचे करार. नफ्यात खेळाडूंचा वाटा. आणि सर्वांवर सोळा जणांचे मंडळ, ज्यात आठ खेळाडूंचे प्रतिनिधी आणि आठ भांडवलदारांचे. प्रत्येक सामन्याला एकाऐवजी दोन पंच नेमण्यात आले. चेंडूदेखील स्पॉल्डिंगचे वापरायचे नाहीत म्हणून टिम कीफच्या भागीदारीतल्या पेढीने ते पुरवले. नॅशनल लीगचे बहुतेक मोठे खेळाडू या बाजूला आले. माइक केलीला परत वळवण्यासाठी स्पॉल्डिंगने दहा हजार डॉलर पुढे केले होते आणि केलीने ते नाकारले.

न्यू यॉर्कमध्ये दोन्ही लीगची मैदाने एकमेकांना लागून होती आणि दोहोंच्या मध्ये केवळ एक कुंपण होते. १२ मे १८९० रोजी दोन्हीकडे एकाच वेळी सामने चालू असताना नॅशनल लीगच्या माइक टिअर्ननने तेराव्या डावात मारलेला टोला मैदानाचे कुंपण ओलांडून पलीकडे ब्रदरहुडच्या मैदानाकडे गेला, आणि त्याच्या त्या एका धावेवर सामना निकालात निघाला, तेव्हा दोन्हीकडच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मालक आणि संघटना यांच्यातले वैर प्रेक्षकांच्या लेखी गौण होते हे यावरून दिसते. पण नेमका हाच प्रेक्षक त्या वर्षी विभागला गेला. नॅशनल लीगच्या वतीने लढण्यासाठी नेमलेल्या समितीचा प्रमुख स्पॉल्डिंग होता, आणि त्याने आपल्या लीगचे सामने मुद्दाम प्लेअर्स लीगच्या तारखांवर ठेवले. फुकट तिकिटे वाटली गेली, प्रेक्षकसंख्येचे आकडे दोन्ही बाजूंनी फुगवून छापले गेले, आणि हंगामाअखेर दोन्ही लीग तोट्यात होत्या. प्रेक्षक प्लेअर्स लीगकडे अधिक गेले असावेत असा बहुतेक अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. न्यू यॉर्कचा नॅशनल लीगचा क्लब तर मोडकळीस आला होता आणि इतर मालकांनी त्याचे भाग विकत घेऊन त्याला कसाबसा तगवला होता.

खेळाडूंचे ऐक्य अखेरपर्यंत टिकले. फुटले ते त्यांचे भांडवलदार. तोट्याने घाबरलेले हे लोक शरद ऋतूत खेळाडूंना वगळून नॅशनल लीगच्या मालकांशी परस्पर बोलू लागले. स्पॉल्डिंगचीही स्थिती नाजूक होती, पण त्याने ती दिसू दिली नाही आणि बिनशर्त शरणागती मागितली. वॉर्ड खेळाडूंच्या वतीने या बैठकीत बसू पाहत होता, तेव्हा खेळाडूंशी आम्ही बोलणार नाही असे सांगून त्याला बाहेर ठेवण्यात आले, आणि हे सांगणाऱ्यांचा म्होरक्या स्वतः एके काळचा खेळाडू होता. १८९१ उजाडेपर्यंत प्लेअर्स लीग संपली. वॉर्डच्या नियोजनातला दोष इथेच सापडतो : खेळाडूंना बांधणाऱ्या प्रत्येक अटीचा त्याने बारकाईने विचार केला, पण पैसे घालणाऱ्यांना किमान दोन-तीन वर्षे बांधून ठेवील अशी अट त्याने घातली नाही. ब्रदरहुडसाठी बांधलेले ते मैदान १८९१ पासून जायंट्सनेच वापरायला घेतले आणि पोलो ग्राउंड्स हे नाव देऊन १९५७ पर्यंत तिथेच तळ ठोकला.

वॉर्ड नॅशनल लीगमध्ये परतला, आधी ब्रुकलिनचा आणि नंतर पुन्हा जायंट्सचा खेळाडू-व्यवस्थापक झाला, आणि १८९४ साली बाल्टिमोरला हरवून टेंपल चषक जिंकल्यावर, चौतिसाव्या वर्षी, निवृत्त झाला. त्याच्या पुस्तकाचाही इथे उल्लेख हवा : १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात त्याने खेळाडू कसे व्हावे याचे मार्गदर्शन केले आहे, आणि बेसबॉल हा इंग्लंडच्या ‘राउंडर्स’ या खेळावरून आलेला नसून अमेरिकन मुलांनीच घडवला, असा आग्रही दावाही केला आहे. नंतरच्या संशोधनाने हा दावा टिकू दिला नाही. पण मार्गदर्शनाची प्रकरणे आजही वाचनीय आहेत. न्यू यॉर्कमध्ये वकिली करताना त्याने क्लबांविरुद्ध खेळाडूंची बाजू मांडली, हौशी गोल्फपटू म्हणून मोठमोठ्या स्पर्धा खेळल्या, आणि १९०९ मध्ये नॅशनल लीगच्या अध्यक्षपदासाठी त्याचे नावही पुढे आले. १९११ च्या अखेरीस तो बॉस्टन क्लबाचा भागीदार आणि अध्यक्ष झाला, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. मात्र वर्षभराच्या आतच त्याने ते पद सोडले. १९१४ मध्ये त्याने फेडरल लीग या तिसऱ्या, बंडखोर लीगच्या ब्रुकलिन क्लबाचे व्यवस्थापन पाहिले. ४ मार्च १९२५ रोजी, पासष्टावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला.

राखीव कलम त्याच्या पश्चात पन्नास वर्षे जिवंत राहिले. फेडरल लीगच्या अस्तानंतर तिच्या बाल्टिमोर क्लबाने केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये व्यावसायिक बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आणि मालकांच्या हाती मोठे कवच आले. १९६४ साली वॉर्डची कूपर्सटाउनच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, बेसबॉलच्या सन्मान-दालनात, निवड झाली. त्याच वर्षी २१ जून रोजी फिलाडेल्फियाच्या जिम बनिंगने परफेक्ट गेम खेळला. वॉर्डनंतर नॅशनल लीगमध्ये असा सामना चौऱ्याऐंशी वर्षांनी झाला होता. पुढे केंटकी राज्यातून अमेरिकेच्या सिनेटमध्ये निवडून गेलेला हा बनिंग, त्या दशकात खेळाडूंच्या नव्या संघटनेसाठी पूर्णवेळ प्रमुख शोधणाऱ्यांपैकी एक होता, आणि पोलाद कामगारांच्या संघटनेतला अर्थतज्ज्ञ मार्व्हिन मिलर १९६६ मध्ये त्या पदावर आला. मिलरच्या काळात खेळाडूंच्या तक्रारींसाठी तटस्थ लवादाची तरतूद झाली. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांनी १९७५ चा हंगाम नव्या करारावर सही न करता सुरू केला आणि तो सरल्यावर आपण मुक्त झालो असा दावा केला. क्लबांचे उत्तर असे होते, की करार पुढे चालू ठेवण्याच्या अधिकारात तो अधिकारच पुन्हा पुन्हा चालू ठेवण्याचाही अंतर्भाव होतो. लवाद पीटर साइट्झ यांनी २३ डिसेंबर १९७५ रोजी हा अर्थ अमान्य केला : करार एक वर्ष वाढवण्याची मुभा म्हणजे एकच वर्ष, त्यानंतर खेळाडू मोकळा. जानेवारी १८९० मध्ये ओब्रायन यांच्यासमोर मांडला गेलेला मुद्दा नेमका हाच होता.